मोठा कार्बोरेटर बसवण्याआधी हवेचा हिशेब करा

गाडीला पिकअप नाही, मोठा कार्बोरेटर बसवून द्या, असे म्हणणारे गिऱ्हाईक गॅरेजवाल्या बांधवांना नवे नाही. इंजेक्शनच्या गाड्या आल्यापासून हे काम कमी झाले, तरी जुन्या गाड्यांचे शौकीन आहेतच. ते पैसा मोजतात आणि फरकही मागतात. काम फसले तर पार्टचे पैसे अडकतात आणि मिस्त्रीचे नाव जाते. म्हणून आज आम्ही एकच उदाहरण नीट पाहणार आहोत: अमेरिकेतील फोर्ड कंपनीचे छोटे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन.

१९६० च्या मॉडेलच्या फाल्कन गाडीत हे इंजिन १४४ घन इंचाचे होते. पुढे १७० आणि २०० घन इंचाचे निघाले. २०० म्हणजे आपल्या भाषेत सुमारे ३.३ लिटर. मस्टँगच्या साध्या मॉडेलमध्येही हेच इंजिन, आणि वर एकाच नळीचा कार्बोरेटर.

आता हिशेब. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा घेते, म्हणजे २०० चे इंजिन एका फेरीत १०० घन इंच. मिनिटाला ४४०० फेऱ्या धरल्या तर ४,४०,००० घन इंच. १७२८ ने भागा, सुमारे २५५ घन फूट येतात. पण अशा इंजिनात सिलिंडर पूर्ण भरत नाही. तीन चतुर्थांश धरा. गरज उरली मिनिटाला १९० ते २०० घन फुटांची. मूळचा कार्बोरेटर व्हेंच्युरीच्या मापाप्रमाणे १५० ते १८५ देतो. कमतरता आहे, पण थोडीच. यावर ५०० चा कार्बोरेटर चढवणे म्हणजे पैशाची नासाडी.

नासाडीच नव्हे, नुकसानही. व्हेंच्युरी रुंद झाली की हवेचा वेग मंदावतो, जेटमधून पेट्रोल ओढले जात नाही, आणि ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. शहरात ॲव्हरेजही पडते.

पार्ट विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक-दोन नळ्यांच्या कार्बोरेटरचा आकडा पाऱ्याच्या ३ इंच दाबफरकावर मोजतात, चार नळ्यांचा दीड इंचावर. म्हणून दोन नळ्यांचा ३५० हा चार नळ्यांच्या मापाने २५० च्या आसपासच भरतो. हे न सांगता माल विकणे बरे नव्हे.

खर्चाआधी मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून, फुल थ्रॉटलवर चढावर गाडी पळवून पाहावी. काटा जवळजवळ शून्यावर आला तर कार्बोरेटर अडवत नाही, दोष दुसरीकडे आहे. दोन इंच किंवा जास्त व्हॅक्यूम उरला तर मोठ्याचा फायदा होईल. मग दोन नळ्यांचा वेबर ३२/३६ आम्हाला बरा वाटतो. त्याची ३२ मिलिमीटरची नळी आधी उघडते, ३६ ची जोर लागेल तेव्हाच.

अडचण बसवण्यात आहे. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड वेगळे नाही, हेडबरोबरच ओतलेले आहे. ॲडॉप्टर लावला तर दोन नळ्यांची हवा शेवटी जुन्या एकाच भोकातून जाते. भोक कापून मोठे करता येते, पण ओतकाम पातळ असते आणि कापलेले हेड पुन्हा पहिल्यासारखे होत नाही. ते काम जाणत्या टर्नरकडेच द्यावे.

खरी फसगत मात्र डिस्ट्रिब्युटरची होते. १९६७ पर्यंतच्या बऱ्याच इंजिनांत लोडोमॅटिक डिस्ट्रिब्युटर आहे. त्यात फिरणारी वजने नाहीत. टायमिंग पुढे नेण्याचे सगळे काम व्हॅक्यूमवर चालते, आणि तो व्हॅक्यूम मूळच्या कार्बोरेटरमधील खास व्हॉल्व्ह ठरवून देतो. नव्या कार्बोरेटरला तो व्हॉल्व्ह नसतो. मग टायमिंग मागे राहते, इंजिन तापते, जोर उलट घटतो, आणि मिस्त्री दिवसभर जेट बदलत बसतो! अशा वेळी १९६८ नंतरचा, वजने आणि व्हॅक्यूम दोन्ही असलेला डिस्ट्रिब्युटर सोबत बसवावा. त्याची किंमत गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी, कार्बोरेटरच्या किमतीसह सांगावी.

काम झाल्यावर गाडी चालवून सहाही प्लग काढून पाहावेत. लांबट मॅनिफोल्डमुळे टोकाच्या सिलिंडरांना पेट्रोल कमी पोचते. तिथले प्लग पांढरे दिसले तर मधल्या प्लगच्या रंगावर न जाता जेट एक नंबर वाढवावा.