एका शिलिंगाची पत्रिका

लग्न पार पडल्यावर लग्नपत्रिकेला कोण विचारतो? फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशीं मैदानाच्या दारांत विकली जाणारी कार्यक्रमपत्रिकाही अशीच अल्पायुषी. खेळ संपला कीं तिचें काम संपलें. परंतु एखादी पत्रिका अशी असते कीं, निकाल कळल्यानंतरच ती खरी वाचनीय होते. लंडनच्या वेंब्ले मैदानावर २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं झालेल्या इंग्लंड-हंगेरी सामन्याची पत्रिका ही त्यांपैकींच एक होय. किंमत एक शिलिंग. खेळास आरंभ दुपारीं सव्वादोन वाजतां.

त्या बुधवारीं वेंब्लेवर लाखावर प्रेक्षक जमले होते. इंग्लंड म्हणजे या खेळाचें माहेरघर. ब्रिटिश बेटांबाहेरील एकाही राष्ट्रीय संघाला तोंवर इंग्लंडच्या भूमीवर इंग्लंडला हरवितां आलें नव्हतें. पाहुणेही कांहीं सामान्य नव्हते. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं ऑलिंपिकचें सुवर्णपदक पटकाविलें होतें.

त्या काळच्या पत्रिकेंत दोन्ही संघांची मांडणी ठराविक असे: एक गोलरक्षक, दोन बॅक, तीन हाफ-बॅक आणि पुढें पांच फॉरवर्ड. प्रत्येकाच्या नांवाशीं त्याचा क्रमांक. हा क्रमांक म्हणजे नुसती ओळखीची खूण नव्हे. ती त्या खेळाडूची मैदानावरील जागाच समजली जाई. नऊ क्रमांकाचा तो सेंटर-फॉरवर्ड, म्हणजे हल्ल्याचा अग्रणी; आणि त्याला अडविणें हें पांच क्रमांकाच्या सेंटर-हाफचें कर्तव्य. मौज अशी कीं, खुद्द इंग्लंडचा संघही या मांडणीप्रमाणें खेळत नसे. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलल्यानंतर सेंटर-हाफ मागें सरकून दोन बॅकच्या मध्यें उभा राहूं लागला होता. मांडणी केव्हांच बदलली होती. आंकडे मात्र जुन्या जागांवर ठाण मांडून बसले होते.

हंगेरीचा नऊ क्रमांक होता नान्दोर हिदेगकुटी. इंग्लंडचा पांच क्रमांक, हॅरी जॉन्स्टन, त्याची वाट पाहत आपल्या जागीं उभा राहिला. आणि हा गृहस्थ तेथें येईचना! तो मागें मध्यभागीं राहून चेंडू घेई, वांटी, आणि अवचित पुढें मुसंडी मारी. त्याच्या मागें जावें तर गोलासमोर खिंडार पडावें. न जावें तर तो मोकळा सुटावा. जॉन्स्टनची अवस्था 'इकडे आड, तिकडे विहीर' अशी झाली. पहिलें मिनिट सरतें न सरतें तोंच हिदेगकुटीनें गोल केला. इंग्लंडनें बरोबरी साधली. पण सत्तावीस मिनिटांच्या आंत फलक ४-१ असें सांगूं लागला. फेरेन्स पुश्काशनें डाव्या पायाच्या तळव्यानें चेंडू अलगद मागें ओढला, इंग्लंडचा कप्तान बिली राइट रिकाम्या जागेवर घसरत गेला, आणि दुसऱ्याच क्षणीं चेंडू जाळ्यांत होता. अखेर हंगेरी ६, इंग्लंड ३. हिदेगकुटीचे एकट्याचे तीन गोल. ही केवळ दैवगति म्हणावी, तर २३ मे १९५४ रोजीं बुडापेस्टला इंग्लंड ७-१ असें पुन्हां हरलें.

आतां ती पत्रिका पुन्हां उघडावी. तिच्यांत खोटें असें कांहींच नाहीं. हिदेगकुटीच्या पाठीवर नऊ हाच आंकडा होता. चूक छापणाऱ्याची नव्हती. आंकडा वाचून माणूस कळला असें समजणाऱ्यांची होती. आपणही मुलाची जन्मपत्रिका पाहून त्याची वाट ठरवितों, आणि मूल भलत्याच घरांत जाऊन बसतें, तेव्हां दोष ग्रहांना देतों!

त्या दिवशीं इंग्लंडकडून खेळलेल्या अकरा जणांपैकीं सहा जणांना पुन्हां कधींही राष्ट्रीय संघांत स्थान मिळालें नाहीं. पत्रिका विकली जात असतां हें त्यांच्या स्वप्नींही नसेल. या सहांतच एक होता दोन क्रमांकाचा बॅक, आल्फ रॅम्से. पेनल्टीवर इंग्लंडचा तिसरा गोल त्यानेंच केला होता. तेरा वर्षांनंतर, ३० जुलै १९६६ रोजीं, त्याच वेंब्लेवर इंग्लंडनें विश्वचषक जिंकला, तेव्हां संघाचा व्यवस्थापक हाच रॅम्से होता. त्याच्या संघांत नऊ क्रमांक बॉबी चार्ल्टनचा होता. आणि तो खेळत होता आघाडीच्या मागें, मध्यभागीं.

एका शिलिंगांत मिळालेला धडा इंग्लंडला महाग पडला खरा. पण तो वायां गेला नाहीं.