अडुळशाची ठेव

पावसाची पहिली सर येऊन गेली, की आमच्या दारावरची बेल जरा जास्तच वाजू लागते. वर्गणीवाले नसतात, की कुरिअरवाला नसतो. दारात कुणाची तरी सून उभी असते, नाहीतर शाळेच्या गणवेशातला एखादा मुलगा. "आजोबा, आईने अडुळशाची पानं मागितलीत. चार-पाच पुरेत." मी कात्री घेऊन खाली उतरतो. पाने देतो आणि सोबत वीतभर लांबीची एक फांदीही हातात ठेवतो. म्हणतो, "पानं आजच्यासाठी, फांदी पुढच्या वर्षासाठी." यांतल्या बऱ्याच फांद्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाळून जातात, हे मला ठाऊक आहे. पण छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला बुडीत खात्यांचे फार दुःख होत नाही. दहांत दोन जगल्या तरी माझा ताळेबंद जुळतो.

हा ताळेबंद मी शिकलो तो मात्र बँकेत नव्हे, आईकडून.

वडिलांना अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरी लागली आणि १९६८ साली आमचे बिऱ्हाड माणगाव तालुक्यातल्या खेड्यातून विठ्ठलवाडीला आले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. ट्रंका, वळकट्या, पाटा-वरवंटा आणि आईच्या मांडीवर केळीच्या सोपटात गुंडाळलेले एक लांबट बोचके. एस.टी.त शेजारच्या बाईंनी विचारले, "मासळी का हो?" आई म्हणाली, "नाही, औषध." विहिरीच्या कठड्याशी असलेल्या अडुळशाच्या त्या सहा फांद्या होत्या. पनवेलला उतरल्यावर तिने नळाखाली सोपट पुन्हा ओले करून घेतले. चाळीच्या मागच्या बाजूला, नाल्याकडे उतरणाऱ्या जमिनीच्या पट्टीत तिने त्या लावल्या. चार जगल्या.

अडुळसा दिसायला तसा काही राजबिंडा नाही. माणसाच्या उंचीच्या थोडे वर जाणारे, बाराही महिने हिरवे राहणारे झुडूप. पाने वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती आणि देठाशी समोरासमोर जोडीने येणारी. वाळलेल्या पानाला चहाच्या पत्तीसारखा मंद वास येतो. हिवाळ्यात पांढरी फुले येतात. फूल जवळून पाहिले तर कुणी जबडा उघडला आहे असे वाटते आणि खालच्या ओठावर जांभळट रेघा दिसतात. संस्कृतात त्याला 'वासा' म्हणतात, तसेच 'सिंहास्य', म्हणजे सिंहाच्या तोंडाचा, असेही म्हणतात. १७५३ साली कार्ल लिनिअसने त्याची शास्त्रीय नोंद केली ती 'जस्टिशिया अधातोडा' या नावाने. त्यातला पहिला शब्द जेम्स जस्टिस या स्कॉटिश बागायतदाराच्या आडनावावरून घेतलेला. दुसरा मात्र आपल्या दक्षिणेतला. तमिळमध्ये 'आडु' म्हणजे शेळी. शेळीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही ते झाड, असा त्याचा अर्थ सांगतात. कोकणात परसाच्या कुंपणाला अडुळसा लावतात तो उगाच नव्हे. राखण करायची गरज नाही आणि खोकल्याचे औषधही हाताशी.

आम्ही आलो तेव्हा आजूबाजूची वस्तीही एका अर्थी अशीच दुसरीकडून आणून लावलेली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवले गेले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. कॅम्प चारमधल्या चढावरच्या एका बराकीतल्या सिंधी भाभी आईकडून गोधड्या शिवून घ्यायला येत. १९७१ च्या पावसाळ्यात त्यांच्या धाकट्या मुलाचा खोकला आईच्या काढ्याने सैल झाला. भाभी पाने मागायला दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आईने पानांऐवजी फांदीच पुढे केली. "रोज रोज माँगने का नहीं. घर में लगाओ," आई तिच्या हिंदीत म्हणाली. भाभींनी पान चावून पाहिले आणि तोंड वाकडे केले. पण फांदी पदराखाली धरून नेली.

आईचे औषध करणे हा एक सोहळा असे. अडुळशाच्या ताज्या पानांचा रस सहजी सुटत नाही. म्हणून ती पाने धुऊन केळीच्या पानात गुंडाळायची, वरून ओल्या मातीचा लेप द्यायची आणि शेगडीच्या निखाऱ्यांत ते मुटकुळे भाजायची. मग माती फोडून, नरम पडलेली पाने फडक्यात पिळून चमचाभर रस काढायचा आणि मधात कालवून चाटवायचा. आयुर्वेदात या कृतीला पुटपाक म्हणतात, हे मला फार पुढे कळले. वासावलेह, वासारिष्ट, वासाघृत ही सगळी या एकाच झुडपाची लेकरे. आधुनिक रसायनशास्त्रानेही याच पानातले व्हॅसिसिन हे कडू द्रव्य वेगळे काढले. त्याचा धागा धरून गेल्या शतकात ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि त्यापुढचे अँब्रोक्सॉल. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कित्येक खोकल्याच्या बाटल्यांवर ही नावे असतात. शेळीने नाकारलेले पान असे जगभर फिरून आले.

पण या कौतुकाला आमच्या घरात एक जखम आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणे म्हणजे एका बाजूची नोंद करून वही मिटणे होईल. १९७४ साली माझा मामा नोकरी शोधायला आमच्याकडे राहायला आला. त्याला खोकला होता. आईने अडुळसा सुरू केला. कफ सुटे, दोन दिवस बरे वाटे, पुन्हा खोकला. असे चार महिने गेले. मामा सुकत चालला, संध्याकाळी अंग कोमट लागू लागले. अखेर वडिलांनी त्याला जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेले. क्षय निघाला. फुप्फुसाचा एक भाग तोवर कायमचा गेला होता. दीड वर्ष इंजेक्शने आणि गोळ्या घेऊन मामा वाचला, पण जिना चढताना तो जन्मभर मध्येच थांबत राहिला. आणि तो थांबला की आई दुसरीकडे पाहायची.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच जगाला दाखवला होता. त्याच्यावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती आले. अडुळसा कफ सैल करतो. क्षयाच्या जंतूचा बंदोबस्त करणे हे त्याचे काम नव्हे. आईला ही शास्त्रे ठाऊक नव्हती, पण मामाच्या आजारानंतर तिने स्वतःचा एक कायदा केला. पाने मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ती बजावायची, "पंधरा दिवस अडुळसा, सोळाव्या दिवशी दवाखाना." दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, असे सरकारी दवाखान्यातल्या भिंतीवर लिहिलेले मी पुष्कळ वर्षांनी वाचले तेव्हा मला आईच बोलल्यासारखे वाटले. ती तपासणी आणि क्षयाची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आईची दुसरी अट अशी, की दिवस गेलेल्या बाईला अडुळसा द्यायचा नाही. त्याने गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून वैद्य-डॉक्टरही हेच सांगतात. तान्ह्या मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाटवूच नये. मीही फांदी देताना या अटी तोंडपाठ म्हणतो. कर्जाच्या कागदावरच्या बारीक अक्षरांसारख्या त्या दडवून ठेवत नाही.

आता फांदी लावायची कशी, ते सांगतो. अडुळसा बियांपासूनही येतो, पण फांदीपासून लवकर आणि खात्रीने येतो. फांदी अगदी कोवळी घेऊ नये आणि फार जुनी लाकडासारखीही नको. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार पेरांची असावी. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरका, वरचा आडवा. म्हणजे कोणते टोक खाली, हा घोटाळा होत नाही. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत. तीही मोठी असतील तर निम्मी कापावीत. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत सारख्या भागाने मिसळून, तळाला भोक असलेल्या पिशवीत दोन पेरे मातीखाली जातील अशी फांदी रोवावी. सावलीत ठेवावी. माती ओलसर हवी, चिखल नको. पावसाळ्याचा आरंभ याला सर्वांत चांगला.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड, कारण ती काहीच न करण्याची आहे. आठ-पंधरा दिवसांत फांदीला कोंब फुटतो आणि माणूस हुरळतो. पण तो कोंब बहुधा फांदीतल्या जुन्या साठ्यावर फुटलेला असतो. मुळे मागाहून येतात. या काळात मूळ फुटले का, हे पाहायला फांदी उपटली की संपले. दीड-दोन महिने धीर धरावा, मग जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत हलवावी. दोन झुडपांत हात-दोन हात अंतर ठेवावे. वर्षभराने छाटणी सुरू करावी. छाटल्याने अडुळसा रागावत नाही, उलट दाट होतो.

२६ जुलै २००५ च्या पावसात वालधुनीचे पाणी आमच्या चाळीत छातीएवढे चढले. आम्ही शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर दोन रात्री काढल्या. पाणी ओसरले तेव्हा घरात आणि मागच्या पट्टीत काळा, मेणचट, रसायनांचा उग्र वास येणारा गाळ साचला होता. अडुळशाला पाणी चालते, साचलेले पाणी चालत नाही. महिन्याभरात चारही झुडपांची पाने गळाली. सत्तरीची आई रोज मागे जाऊन नखाने साल खरवडून पाहायची. आत हिरवे असेल तर जीव आहे. एके दिवशी ती आत आली आणि हात धूत म्हणाली, "तपकिरी." गावचे घर तोपर्यंत विकले गेले होते. विहिरीचा कठडा ढासळला होता आणि त्याच्याशी असलेला अडुळसाही नाहीसा झाला होता.

पुढच्या जूनमध्ये भाभी आल्या. केस पूर्ण पांढरे, गुडघे दुखत असलेले, सोबत नातू. चढावरच्या त्यांच्या बराकीपर्यंत पाणी पोचले नव्हते. नातवाच्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या फांद्या होत्या. "बाई, आपका ही है. वापस ले लो," भाभी म्हणाल्या. आईने गोणपाट उलगडले, एक फांदी बोटांत फिरवून पाहिली आणि विचारले, "कोवळी तर नाही ना कापली?" मग ती बराच वेळ काही बोलली नाही.

आई २०१३ साली गेली. चाळीच्या जागी आता इमारत आहे आणि कुंपणाच्या भिंतीलगत तोच अडुळसा. 'तोच' हा शब्द मी विचार करून वापरतो. बियांपासून आलेले रोप म्हणजे पुढची पिढी. फांदीपासून आलेले झाड म्हणजे तेच झाड, नव्या मुळांवर उभे राहिलेले. माणगावच्या विहिरीकाठचा अडुळसा अजून जिवंत आहे, कारण आईने १९७१ साली तो कुणाला तरी देऊन टाकला होता. घरात जपलेली चार झुडपे बुडाली. बाहेर दिलेली ठेव तेवढी परत आली.

म्हणून माझा हा उद्योग. अंबरनाथला दोन, बदलापूरला पाच, माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या कल्याणच्या गच्चीवर एक, अशी खाती माझ्या डायरीत आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो माणसे घुसमटून रुग्णालयांत गेली. अशा हवेवर अडुळसा हा उपाय नाही, हे मला कळते. पण या गावात खोकला आहे आणि तो लवकर जाणार नाही, हेही कळते.

गेल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचा दुसरीतला मुलगा रडवेला होऊन आला. त्याची फांदी वाळली होती.

"मुळं आलीत का बघायला उपटलीस?" मी विचारले.

"दोनदाच," तो म्हणाला.

मी कात्री घेतली आणि त्याला घेऊन खाली उतरलो.