खरूज, जंतू आणि मूत्रपिंड

दिवाळीनंतर वाई तालुक्यातील भुईंज परिसरात ऊसतोडीला वेग येतो आणि शिवारात मजुरांच्या कोपी उभ्या राहतात. उसाच्या धारदार पात्याने हातापायांवर चरे पडतात. एका मुलाला खरूज झाली की दाटीच्या वस्तीत ती इतरांना सहज लागते. आई त्या जागी हळद लावते व कामाला जाते. दुखणे किरकोळ मानले जाते. ते नेहमीच तसे नसते.

निरोगी त्वचेवरही असंख्य सूक्ष्मजंतू नांदत असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. उपद्रवी जंतूंमध्ये दोन प्रमुख आहेत. घडासारखे पुंजके करून राहणारे ते पुंजगोलाणू आणि साखळीने राहणारे ते मालागोलाणू. (ज्या मराठी विश्वकोशात या नेमक्या संज्ञा वाचावयास मिळतात, त्याचे संपादन वाईतच झाले.) त्वचा अखंड असेतोवर त्यांचे फारसे चालत नाही. खरूज मात्र त्वचेत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे होते. खाजवल्याने त्वचा सोलवटते व जंतूंना वाट मिळते. मग रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात आणि जागा लाल, गरम, सुजलेली व दुखरी होते. हाच दाह. पुंजगोलाणूंतील एक जात तर आपल्या एंझाइमाने मज्जातंतूंना थेट चेतवून खाज उत्पन्न करते, असे हार्वर्ड येथील संशोधकांना २०२३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले. मूल हट्टाने खाजवते, ही तक्रार म्हणूनच अन्यायाची आहे.

मालागोलाणूंचा धोका निराळा. फोड सुकल्यावरही, सुमारे तीन आठवड्यांनी, शरीराने त्यांच्याविरुद्ध निर्माण केलेल्या प्रतिपिंडांमुळे मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. सकाळी चेहरा सुजतो. लघवी कमी व काळ्या चहाच्या रंगाची होते. बहुतेक मुले उपचाराने बरी होतात. परंतु तोवर खरजेची कोणाला आठवणही नसते आणि आजाराचे मूळ लक्षात येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. पू झालेल्या फोडांना हळद पुरेशी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणी व औषध आवश्यक असते. खरजेचे मलम एकट्या मुलाला लावून उपयोग होत नाही. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, ते एकाच वेळी लावावे व कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. कोपीत एवढे पाणी कोठून येणार, हा प्रश्न मात्र मजुराच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो ग्रामपंचायतीने हंगामाच्या आरंभीच हाती घ्यावयास हवा.