दोर, काठ आणि कणा : घर्षणाने होणारी झीज व तिचे निवारण

गिरणेच्या खोऱ्यातील कळवण आणि समुद्रावरील शिडाची नौका यांचा वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. तथापि एक प्रश्न दोहोंस समान आहे. भाराने ताणलेला दोर अथवा साखळी एकाच कडेवरून वारंवार ओढली जात असता ती कड कशी राखावी, हा तो प्रश्न होय. देशावरील मोटेच्या विहिरींनी त्याचे जे उत्तर दिले होते, तेच नौकेच्या डेकलाही लागू पडते.

सोंडेच्या मोटेस दोन दोर असत. जाड नाडा उंचावरील चाकावरून जाई व मोटेचा भार पेली. सोंडेस बांधलेला सोंदूर थारोळ्याच्या तोंडाशी बसविलेल्या कण्यावरून जाई. कणा म्हणजे आपल्या आसाभोवती फिरणारा लाकडी रूळ. बैल धावेवरून उतरू लागले की मोट वर येई, आणि काठाशी येताच सोंदूर सोंडेस थारोळ्यात खेचून पाणी ओती.

कणा नसता तर सोंदूर दगडी काठावरच घासला असता. दोर दगडाहून मऊ. मग दगडास खाच कशी पडते? काळ्या पाषाणातील मुख्य खनिजांचे काठिण्य मोहसच्या प्रमाणावर सुमारे ५ ते ६ असते, तर गारेच्या कणांचे ७. ओल्या दोरास असे कण चिकटले की तो कानशीप्रमाणे काम करतो. आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेल्या नियमानुसार झीज ही भार व घसरण्याचे अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते आणि पृष्ठभागाच्या काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असते. समजा, विहीर १२ मीटर खोल आहे आणि दिवसास १०० मोटा निघतात. केवळ वर येताना दोर रोज १,२०० मीटर घासेल. १०० दिवसांत हे अंतर १२० किलोमीटर होईल.

वळणाचा कोनही महत्त्वाचा आहे. घर्षणांक ०.३ धरल्यास, स्थिर कडेवरून ९० अंशांत वळणारा दोर ओढण्यास भाराच्या सुमारे १.६ पट ओढ लागते. ३० अंशांच्या वळणास १.१७ पट पुरते. कणा दोराबरोबर फिरत असल्याने दोराचे घसरणे जवळजवळ थांबते. उरलेले घर्षण बारीक आसापाशी होते, आणि तेथे तेल घालता येते. कणा झिजला तर सुतार नवा बसवू शके. काठाचा घडीव दगड बदलणे इतके सोपे नव्हते.

नौकेवरही हीच व्यवस्था असते. नांगराची साखळी नाळेवरील रुळावरून येऊन रहाटाकडे जाते. रूळ व रहाट यांची उंची जुळत नसेल तर मधली साखळी डेकवर घासते व लाकूड अथवा लेप खरवडते. म्हणून प्रथम साखळीची वाट सरळ करावी. ते न साधल्यास तिच्याखाली बदलता येण्याजोगी पट्टी बसवावी. पट्टी अतिकठीण असल्यास साखळीवरील जस्ताचा थर झिजून ती गंजू लागते. पट्टीच्या खिळ्यांची छिद्रे नीट न बुजविल्यास आत पाणी मुरून लाकूड कुजते. नांगर टाकल्यावर लाटांचे हिसके लवचिक नायलॉनच्या दोरावर घेतले, तर साखळी सैल राहते व डेकवरील घर्षण टळते.

तेलावरची इंजिने व विजेचे पंप आल्यानंतर मोट मागे पडली; तिचे तत्त्व मात्र जुने झालेले नाही. झीज सर्वस्वी टाळता येत नाही. ती कोठे व्हावी, एवढे मात्र ठरविता येते. आणि ती स्वस्त, सहज बदलता येणाऱ्या भागावर वळविणे यातच शहाणपण आहे. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. न फिरणारा रूळ हा रूळ नसून केवळ दुसरी कड होय. त्यावर खाच पडते, त्या खाचेत दोर अडकतो, आणि अखेरीस नेमक्या गरजेच्या वेळी तो तुटतो. विहिरीवर त्यामुळे मोट गमवावी लागे. वादळात नौकाच गमवावी लागते.