गाडीची निगा (भाग ९) : पॉलिश घासते, मेण झाकते

जळगावच्या सराफ बाजारात जुनी पाटली उजाळ्याला दिली की सोनार ती आधी काट्यावर ठेवतो. उजाळा दिल्यावर पाटली नव्यासारखी झळकते, पण तिचे वजन किंचित उतरलेले असते. उतरलेला तो कण वाया जाऊ नये म्हणून पेढीच्या केरातून आणि राखेतून सोने वेचणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यावर जगले. झळाळी आणायची तर थोडे झिजवावे लागते, हे सोन्याच्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गाडीच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट सहज विसरली जाते. सर्व्हिसिंगला गाडी सोडताना ‘रबिंग-पॉलिशही मारून द्या’ असे दर खेपेला सांगितले जाते आणि दर खेपेला गाडीचा रंग थोडा पातळ होऊन घरी येतो.

गेल्या आठवड्यात गाडी धुण्याविषयी लिहिले होते. धुतलेल्या, कोरड्या गाडीवर पुढे काय लावायचे, हा या भागाचा विषय. दुकानाच्या फळीवर पॉलिश, वॅक्स, सीलंट, कंपाऊंड, कोटिंग असे डबे आणि बाटल्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात, सगळ्यांवर चकाकत्या गाडीचेच चित्र असते आणि बहुतेक गिऱ्हाईक त्या सगळ्यांना सरसकट ‘पॉलिश’ म्हणते. घोटाळा तिथेच सुरू होतो.

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर रंगाचे तीन-चार थर असतात. सगळ्यांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, म्हणजे आपल्याकडचे रंगारी ज्याला लॅकर म्हणतात तो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला लॅकरचा थर ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. उन्हातील अतिनील किरणांचा मार हाच थर झेलतो आणि चकाकी दिसते तीही याचीच. तो एकदा संपला की रंगावर पांढुरके चट्टे उठतात. मग कोणताही डबा उपयोगाचा नसतो, गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच न्यावी लागते.

पॉलिश आणि कंपाऊंड यांत अतिशय बारीक, कठीण कण असतात. ते लॅकरचा वरचा पापुद्रा घासून सपाट करतात. ओरखड्याच्या कडा बोथट होतात, प्रकाश पुन्हा सरळ परावर्तित होतो आणि गाडी चमकते. कंपाऊंड जाडेभरडे, पॉलिश त्याहून बारीक, जात एकच. सोनाराचा उजाळा तो हाच, फक्त इथे वजनकाटा नाही आणि झारेकरीही नाही. नख फिरवल्यावर अडकत नाही असा ओरखडा पॉलिशने जाऊ शकतो. नख अडकले तर ओरखडा खोल आहे असे समजावे आणि तिथे घासत बसू नये.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळातील रंगावर पारदर्शक थर नसे, रंग स्वतःच हवा खाऊन मातकट होई आणि तो घासून खालचा ताजा रंग उघडा करण्यासाठी पॉलिश खरोखरच लागे. दर दिवाळीला गाडी घासण्याची सवय त्या काळातून आली आहे. रंग बदलले, सवय राहिली. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते पाहायचे असेल तर पांढऱ्या सुती कापडावर थोडे पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात हलके चोळावे. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर पारदर्शक थर नाही.

मेणाचे काम याच्या नेमके उलट. ते काही काढत नाही, वर एक थर चढवते. केळीच्या जिल्ह्यात हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. पावसात केळीच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळते. पानाच्या खालच्या अंगावरून बोट फिरवले तर पांढुरकी भुकटी बोटाला लागते. ते पानाचे स्वतःचे मेण आहे. गाडीसाठी सर्वांत नावाजलेले मेणही पानावरचेच असते. कार्नोबा नावाचा ताड ब्राझीलच्या ईशान्येकडील सियारा, पियाउई आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते या कोरड्या राज्यांत वाढतो. पानातील पाणी उन्हाने उडून जाऊ नये म्हणून हा ताड पानावर मेण धरतो. पाने कापून वाळवतात, झोडपतात आणि निघालेली भुकटी वितळवून गाळतात. हेच मेण सफरचंदावर चकाकीसाठी चढवतात, गोळ्या-चॉकलेटांवरही लावतात. वनस्पतींच्या मेणांत ते सर्वांत कठीण. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, कार्नोबा ८२ ते ८६ अंशांपर्यंत तग धरते.

आता हा आकडा घेऊन मेहरूणला यावे.

मेहरूण एके काळी जळगावशेजारचे गाव होते, बोरांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाणारे. मेहरूण हे बोराच्या एका वाणाचेच नाव आहे. आज ते शहराचा भाग झाले आहे. एका बाजूला तलाव, जवळच एमआयडीसी, तिथल्या डाळ मिल, चटईचे आणि पाइपचे कारखाने. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हे सावलीतील हवेचे तापमान. दुपारी उघड्यावर उभ्या असलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचे बॉनेट ७० अंशांच्या घरात तापते, त्याला हात लावून पाहिलेल्याला तापमापक लागत नाही. डब्यातील ‘कार्नोबा वॅक्स’मध्येही शुद्ध कार्नोबा थोडेच असते. लावायला सोपे जावे म्हणून त्यात तेल, द्रावक आणि इतर मऊ मेणे मिसळलेली असतात. असे मिश्रण शुद्ध मेणापेक्षा बरेच आधी मऊ पडते आणि त्यावर धूळ चिकटते. थंड हवेच्या देशात दोन-तीन महिने टिकणारा लेप इथे उन्हाळ्यात काही आठवड्यांतच विरतो. हिवाळ्यात, सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीला कार्नोबा छान. त्याची खोल, ओलसर चमक गडद रंगावर फारच खुलते. खान्देशच्या चैत्र-वैशाखात त्याच्या भरवशावर राहू नये.

उन्हाळ्यासाठी सिंथेटिक सीलंट घ्यावे. हे प्रयोगशाळेत बनवलेले पॉलिमर असते, उष्णतेला अधिक टिकते आणि चार-सहा महिने काम देते. चमक कार्नोबापेक्षा थोडी काचेसारखी, कोरडी वाटते. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर तो फरक कळतही नाही. आपल्याकडे रस्त्यावर पांढऱ्या गाड्याच अधिक दिसतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटतो. एका बाटलीला काही शे रुपये पडतात आणि ती दोन-तीन वर्षे पुरते.

सिरॅमिक कोटिंग हा यापुढचा टप्पा. सिलिकावर आधारलेले हे द्रव रंगाला घट्ट धरते आणि नीट लावले तर दोन-तीन वर्षे टिकते. खर्च मात्र हजारांत जातो. कोटिंगखाली जे असेल ते तसेच कोंडले जाते, म्हणून आधी रंग पॉलिशने सपाट करावा लागतो. त्यामुळे कोटिंग नव्या गाडीला करावे, हे उत्तम. जाहिरातीतील ‘९एच’ हा शब्द ऐकून दगडाचा टोला बसला तरी काही होणार नाही असा समज होतो. ही ९एच शिसपेन्सिलीच्या कठीणपणाची मोजणी आहे, हिऱ्या-माणकांच्या कठीणपणाशी तिचा संबंध नाही. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेली खडी सिरॅमिकलाही टवका पाडते. ‘टेफ्लॉन’च्या नावाने विकल्या जाणाऱ्या लेपाबाबतही सावध राहावे. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळते, तव्यावर ते भट्टीत तापवून बसवतात. गाडीच्या पत्र्यावर हाताने चोळून ते तसे बसणार नाही. त्या बाटलीत जे काही संरक्षण असेल ते त्यातील इतर मेणाचे आणि पॉलिमरचे.

मेहरूणच्या पाण्याचाही विचार करायला हवा. बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात. तापलेल्या पत्र्यावर थेंब मिनिटभरात सुकतो आणि क्षाराचे पांढरे वर्तुळ मागे सोडतो. मेण असो, सीलंट असो वा सिरॅमिक, हे डाग कोणीच पूर्ण थांबवत नाही. उलट पाण्याचे टपोरे थेंब धरणाऱ्या लेपावर ते अधिक ठळक उठतात. म्हणून धुतल्यावर गाडी लगेच टिपून घ्यावी. ताजे डाग पाण्यात थोडा व्हिनेगर घालून कापडाने पुसले तर निघतात. त्यानंतर तो भाग स्वच्छ पाण्याने धुवावा आणि तेवढ्या जागेवर लेप पुन्हा लावावा. तलावाकाठी पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या झाडाखाली उभ्या असतात. त्यांवर पडणारी पाखरांची शीट हा वेगळा त्रास. उन्हात लॅकर मऊ होतो, शीट वाळून आक्रसते आणि तिचा ठसा रंगात उमटतो. वाळलेली शीट खरवडू नये. ओले कापड पाच मिनिटे वर ठेवावे आणि अलगद उचलून घ्यावी. लेप असेल तर ती सुटते आणि डाग बहुधा राहत नाही.

पण रंगाचे सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट कोणत्याच डब्यात नसते. ती रोज सकाळी खांद्यावर फडके घेऊन येते. रस्त्याच्या धुळीत गारेचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात, लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. कोरडे फडके गाडीवर झटकून फिरवले की तेच कण रंगावर घासले जातात. भर उन्हात बॉनेटकडे तिरपे पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, ते याचेच. ते घालवायला पुन्हा पॉलिश लागते आणि पॉलिशने पुन्हा लॅकर उतरतो. चमक यावी म्हणून फडक्याला डिझेल किंवा रॉकेल लावणारेही आहेत. त्याने दोन तास तेलकट तकाकी येते, लावलेले मेण विरघळून जाते आणि दिवसभराची धूळ त्यावर बसते. गाडी पुसणाऱ्याला हे समजावून सांगावे, त्याला बादलीभर पाणी आणि दोन चांगली मायक्रोफायबरची कापडे घेऊन द्यावीत. पाणी नसेल त्या दिवशी धूळ तशीच राहू द्यावी.

डॅशबोर्डचे सिलिकॉनयुक्त पॉलिशही बाहेरून कोणी लावू नये. सिलिकॉन पत्र्यावर राहिले तर पुढे रंगकाम करताना नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

खरेदी करताना बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावीत. ‘कंपाऊंड’, ‘कट’, ‘स्क्रॅच रिमूव्हर’ असे शब्द असतील तर ते घासणारे आहे. ‘क्लिनर वॅक्स’ असेल तर त्यात मेणाबरोबर घासणारे कणही असू शकतात. वर्षातून एकदा ठीक, दर महिन्याला नको. ‘वॅक्स’ किंवा ‘सीलंट’ एवढेच असेल आणि घासणाऱ्या कणांचा उल्लेख नसेल तर ते निर्धास्त वापरावे. लावायची वेळ सकाळची, जागा सावलीची, पत्रा हाताला गार लागणारा. स्पंजावर सुपारीएवढे घेऊन एका वेळी एकच दार किंवा बॉनेटचा अर्धा भाग करावा. थर जितका पातळ तितका चांगला, जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसायचा त्रास वाढतो. धुरकट दिसू लागले की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्यावे. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर ते लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात.

खान्देशात वर्षातून दोनदा लेप लावणे पुरते. एक होळीच्या आधी, ऊन चढण्यापूर्वी. दुसरा पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आठवड्यात. दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, झेंडूची माळ चढते, आणि कुंकू दोन-चार दिवस उन्हात राहिले तर फिक्या रंगावर त्याची लालसर छटा उरते. आधी लेप लावलेला असेल तर दुसऱ्या दिवशी ओल्या कापडाने ते निघून येते.

लेप शिल्लक आहे की नाही हे पाहायला वाटीभर पाणी पुरते. धुतलेल्या बॉनेटवर ते ओतावे. थेंब होऊन ओघळले तर काही करू नका, पत्र्यावर सपाट पसरले तर त्याच रविवारी स्पंज हातात घ्या. पुढील आठवड्यात पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचांविषयी. तोवर आपल्या घरातील पॉलिशचा डबा एकदा उलटून वाचून ठेवावा.