जीवनौका : धारणक्षमता व आपत्कालीन आरोहण

बुडणारे वा पेटलेले जहाज सोडून जाताना प्रवासी व खलाशी यांना सुरक्षितपणे वाहून नेण्यासाठी जहाजावर बांधून ठेवलेली लहान नौका म्हणजे जीवनौका होय. तिच्यात जास्तीत जास्त किती माणसे घेता येतात, ती संख्या म्हणजे तिची धारणक्षमता. ही संख्या नौकेवर ठळकपणे लिहिलेली असते. जागा पुरेशा असणे व आणीबाणीत त्या प्रत्यक्ष भरल्या जाणे या दोन भिन्न गोष्टी असून जहाज-अपघातांतील जीवितहानी बऱ्याच अंशी या दोहोंवर अवलंबून असते.

धारणक्षमता : प्रवासी जहाजावरील जीवनौकेसाठी माणसाचे सरासरी वजन ७५ किग्रॅ. व बैठकीची रुंदी ४३ सेंमी. धरतात. एका नौकेत १५० पेक्षा अधिक माणसे घेण्यास सामान्यतः परवानगी नसते. भार वाढला की नौका खोल बुडते, तिचा काठ व पाणी यांमधील अंतर घटते आणि लहान लाटेचेही पाणी आत येते. माणसे उभी राहिल्यास गुरुत्वमध्य वर सरकतो व नौका उलटण्याची शक्यता वाढते. जहाजावर केवळ नौकांची संख्या वाढविल्यानेही सुरक्षितता वाढतेच असे नाही. शिकागो येथे १९१५ मध्ये ‘ईस्टलँड’ हे जहाज धक्क्यालाच उलटून ८४४ माणसे मृत्यू पावली. मुळातच अस्थिर असलेल्या या जहाजावर वाढीव जीवनौकांचे वजन चढविलेले होते.

आरोहण : ‘टायटॅनिक’ या जहाजावर १९१२ मध्ये २,२०० हून अधिक माणसे होती, तर २० नौकांत मिळून १,१७८ जागा होत्या. तत्कालीन ब्रिटिश नियमांत नौकांची संख्या माणसांवरून नव्हे, तर जहाजाच्या टनभारावरून ठरत असे. तथापि असलेल्या जागाही भरल्या गेल्या नाहीत. ६५ जणांची पहिली नौका तीसहून कमी माणसे घेऊन उतरली. मोठे जहाज अधिक सुरक्षित वाटल्याने प्रवासी अंधारात लोंबकळणाऱ्या नौकेत पाऊल टाकण्यास कचरले आणि भरलेली नौका दोरांना पेलेल की नाही, याविषयी अधिकाऱ्यांनाही खात्री नव्हती.

या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९७४ चा करार १९८० मध्ये अंमलात आला व पुढे त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. त्यानुसार दूरच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या जहाजावर प्रत्येक बाजूस निम्म्या माणसांना पुरतील इतक्या नौका व शिवाय एकूण संख्येच्या २५ टक्के माणसांसाठी तराफे ठेवावे लागतात. काही मर्यादेत नौकांऐवजी तराफे चालतात. सात आखूड व एक लांब भोंगा ऐकताच प्रवासी नेमलेल्या जागी जमतात. सर्वजण जाकिटे घालून जमल्यावर जहाज सोडण्याचा इशारा मिळताच ३० मिनिटांत सर्व नौका भरून पाण्यात उतरविता आल्या पाहिजेत. जहाज २० अंश कलले तरी ही यंत्रणा चालली पाहिजे. त्याहून अधिक कलल्यास एका बाजूच्या नौका निरुपयोगी होतात, हे इटलीजवळ २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’च्या अपघातात दिसून आले.

महाराष्ट्रातील अनुभव : १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट पावसाळी वादळात काशाच्या खडकाजवळ उलटली व सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोट काही मिनिटांतच उलटल्याने नौका उतरविण्यास अवसर मिळाला नाही. अशा प्रसंगी अंगावरील जाकीट व पाण्याच्या दाबाने आपोआप सुटणारा तराफा हीच साधने उपयोगी पडतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची वेगवान नौका गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळून १५ जण मरण पावले. तीत ८४ प्रवाशांची परवानगी असताना शंभरहून अधिक माणसे होती.

हेच तत्त्व नदीवरील होडीसही लागू पडते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी होडी उलटून १७ जण दगावले. तीत क्षमतेहून अधिक माणसे चढली होती. पाणी चढत असता मागे राहण्याची भीती सर्वांनाच असते, म्हणून पहिल्याच होडीस गर्दी होते. दुसरी फेरी निश्चित येईल असा विश्वास देणे, चढणाऱ्यांची मोजणी एकाच जबाबदार व्यक्तीकडे सोपविणे, प्रथम जाकीट व मग होडी हा क्रम पाळणे आणि सर्वांना खाली, मध्याकडे बसविणे, हे उपाय वेदगंगेकाठच्या मुरगूडसारख्या (जि. कोल्हापूर) गावांतही पुरापूर्वीच्या सरावात समाविष्ट करण्याजोगे आहेत. टायटॅनिकच्या अनेक नौका पूर्ण न भरताच उतरल्या व ब्रह्मनाळची होडी अतिभाराने उलटली. या दोन्ही घटनांत माणसे मोजून व वेळेवर बसविणारी व्यवस्था अपुरी पडली.