परदेशी विद्यापीठ आणि क्रमिक अभ्यासाबाहेरचे शिक्षण

मुदखेडहून परदेशी विद्यापीठाकडे निघालेल्या मुलास वडीलमंडळी बजावितात, ‘सभा-चर्चांत वेळ दवडू नकोस.’ हा उपदेश मला अर्धाच पटतो. भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते मुख्यतः अर्थशास्त्र शिकावयास. तरीही ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चामंडळात त्यांनी भारतीय जातिसंस्थेवर निबंध वाचला. जात म्हणजे काय, हे इकडे कोणास सांगावे लागत नाही. तेथे व्याख्येपासूनच आरंभ करणे प्राप्त होते. अनोळखी श्रोत्यांस आपले घर उलगडून दाखविण्याचा हा सराव क्रमिक पुस्तकांत कोठून मिळणार? सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्याबरोबर आपल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांचीही व्याख्या त्यांनी तपासली, आणि जातीतच विवाह करण्याचा निर्बंध हेच जातीचे मर्म ठरविले. पुढच्याच वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला.